अटॅक नव्हता ना, मग झालं!

माझं दुखणं दीड वर्ष फार गुणी होतं. दोन मजले मुकाट चढू द्यायचं. तिसऱ्याच्या मधल्या वळणावर छातीच्या मधोमध कुणी तळहात टेकवून रेटावं तसं दडपण यायचं, मी कठडा धरून उभी राहायचे, तीन-चार मिनिटांत ते ओसरायचं आणि उरलेला अर्धा मजला मी काही झालंच नाही अशा थाटात चढायचे. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं होतं, स्टेबल अंजायना. गोळ्या सुरू होत्या. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची छोटी बाटली पर्समध्ये होती. आणि निघताना डॉक्टर दर वेळी एक वाक्य बोलायचे, "काही बदललं तर थांबू नका, लगेच कळवा."

मी मुद्रितशोधन करते. चाळीस वर्षं. काल पान सत्तावीसवर 'तथापि' होतं आणि आज 'तथापी' झालंय, हे मला झोपेतही कळतं. बदल टिपणं हाच माझा धंदा, तरी हा मात्र सुटला.

ते आधी दुसऱ्या मजल्यावर आलं. मी म्हटलं, आज पिशवी जड आहे. मग पहिल्याच मजल्यावर आलं. म्हटलं, आत्ताच जेवून उठलेय. मग अंथरूण घालताना आलं आणि ओसरायला दहा मिनिटं लागली, तेव्हा वाकल्यामुळे असेल अशी मीच माझी समजूत घातली. सगळं मिळून बारा-तेरा दिवसांत. कारणं पुरवण्याचा माझा उरक दांडगा होता. पण एक सांगते, दुखणं वाढलं नव्हतं. जोर तोच, जागा तीच. फक्त ते जिना उतरत उतरत माझ्याकडे येत होतं.

याला दुखणं म्हणायचं की नाही, हाही प्रश्नच. आपल्याकडे अंजायनाला पुस्तकी शब्द आहे 'हृदयशूल'. शूल म्हटलं की टोचणं, भोसकणं, कळ येणं असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मला तसं कधीच झालं नाही. 'छातीत दुखतं का?' असं कुणी विचारलं की मी अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणायचे. जड वाटायचं. आवळल्यासारखं व्हायचं. लॅटिन शब्द त्या मानाने खरा निघाला, त्याच्या मुळाशी गळा आवळणं आहे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे या विकाराचं वर्णन वाचलं आणि त्याला 'अंजायना पेक्टोरिस' हे नाव दिलं. ते 1772 मध्ये छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लवकर चाललं तर हा त्रास धरतो, माणूस उभा राहिला की सगळं नाहीसं होतं, असं त्याने लिहून ठेवलं. ईसीजी नाही, क्ष-किरण नाहीत, स्टेथोस्कोपसुद्धा नाही, नुसतं ऐकून. रोग लांबत गेला की चालण्याशिवायही, अगदी पडल्या पडल्याही तो येतो, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पुढे माणसं छातीवर मूठ कशी ठेवतात तेही डॉक्टर पाहायला लागले. 'कुठे होतं?' असं विचारल्यावर एका बोटाने नेमकी जागा दाखवणाऱ्यापेक्षा छातीच्या मध्यावर वळलेली मूठ ठेवणाऱ्याची त्यांना जास्त काळजी वाटते. अमेरिकन हृदयतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांचं नाव त्या खुणेला चिकटलं आहे. खूण काही पक्की नव्हे, पण बिनशब्दांची आहे म्हणून मला आवडते. हात खोटं कमी बोलतात.

आता जिन्याचं गणित. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण स्वतःच्या आतून वाहणाऱ्या त्या रक्तावर त्याला स्वतःला जगता येत नाही. त्याच्या स्नायूला बाहेरून वेढणाऱ्या करोनरी धमन्याच पोसतात, आणि त्या मुळाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यात हृदय मुळातच खादाड. बाकीचे अवयव आलेल्या रक्तातला प्राणवायू थोडा घेऊन बराच सोडून देतात. हृदय निवांत असतानाही त्यातला सत्तर-पंचाहत्तर टक्के ओढून घेतं. म्हणजे कष्ट वाढले की त्याच रक्तातून आणखी काही पिळून काढायला फारशी सोयच नाही, रक्तच जास्त यायला हवं. धमनीच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं मेदाचा थर साचून वाट अरुंद झाली असेल, तर बसल्या जागी भागतं, दोन मजलेही भागतात, तिसऱ्यावर तूट पडते. स्टेबल अंजायना म्हणजे ही तूट. ती अंदाजपत्रकासारखी असते, कुठे तुटणार ते आधी माहीत असतं. म्हणून तर माझं दुखणं गुणी होतं.

अस्थिर म्हणजे अनस्टेबल अंजायनात खर्च वाढलेला नसतो, पुरवठाच एकाएकी बिघडतो. साचलेल्या मेदावर एक पातळ आवरण असतं. ते कुठेतरी फाटतं किंवा वरवर खरवडलं जातं. शरीराला वाटतं, जखम झाली. रक्तातल्या बिंबाणिका, म्हणजे प्लेटलेट्स, धावत येऊन तिथे चिकटतात, गुठळी धरू लागते. बोट कापलं तर हेच आपले प्राण वाचवतं. तीन मिलिमीटरच्या नळीत तेच जिवावर येतं. गुठळीने वाट पूर्ण आणि बराच वेळ बुजवली, तर पलीकडचा स्नायू मरायला लागतो, तो हार्ट अटॅक. अर्धवट बुजवली, थोडी विरघळली, पुन्हा धरली, असा खेळ चालू राहिला आणि स्नायू उपाशी राहूनही अजून मेला नाही, तर ते अनस्टेबल अंजायना. मधली ही अवस्था काही तास टिकेल, काही दिवस टिकेल, निवळेल किंवा पुढे जाईल. आत बसून कुणी पाहू शकत नाही.

मला यातली सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट अशी की फाटणारा थर बहुधा सगळ्यात जाड नसतो. वाट निम्मीही अडवत नाही असे कितीतरी साठे आत मऊ, वर पातळ आणि चिडके असतात. उलट वर्षानुवर्षांचे जाड, चुन्यासारखे कडक झालेले साठे तुलनेने शांत बसतात. म्हणून कालपर्यंत चार मजले चढणाऱ्या माणसालाही हे होऊ शकतं. 'परवाच तर भेटलो होतो, ठणठणीत होता' या वाक्यात काही खोटं नसतं.

माझी रात्र आली ती पहाटे तीनच्या सुमाराला. जाग आली तेव्हा खालचा जबडा दुखत होता, डाव्या बाजूला, दाढ ठणकते तसा. छातीवर नेहमीचा तळहात होता, पण मी पडलेली होते. जिना नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसले. घाम आला. पित्ताची गोळी घेतली. मग, हे लिहायला लाज वाटते, मी उठून कपाटातला धुतलेला गाऊन काढला आणि बदलला. दवाखान्यात जायची वेळ आली तर बरा असावा म्हणून. म्हणजे आत कुठेतरी मला कळलं होतं. तरी नवऱ्याला उठवायच्या आधी मी पंचवीस मिनिटं घड्याळाकडे पाहत काढली. जिभेखालची गोळी त्यानेच दिली. पाच मिनिटं थांबला, मला काही विशेष फरक पडेना, त्याने पुढे काही न विचारता रुग्णवाहिकेला फोन लावला. मी म्हणत होते, आपण गाडीने जाऊ. तो म्हणाला, "गाडीत काही झालं तर मी चालवू की तुला धरू?" चाळीस वर्षांच्या संसारात त्याने घेतलेला हा सर्वांत झटपट निर्णय असावा.

जबड्याबद्दल नंतर कळलं. हृदयाकडून येणाऱ्या आणि हात, मान, जबडा इथून येणाऱ्या संवेदना वर जाताना वाटेत एकमेकींत मिसळतात. मेंदूला पत्ता नीट लागत नाही, तो आपल्या ओळखीच्या जागेचं नाव सांगतो. म्हणून कुणाचा हात भरून येतो, कुणाची पाठ धरते, कुणाला नुसता दम लागतो किंवा मळमळतं. छातीतली अस्वस्थता बायकांमध्येही सगळ्यात जास्त आढळते, पण दम, थकवा, मळमळ, जबडा ही बाकीची मंडळी आमच्यात पुरुषांपेक्षा जास्त वेळा सोबत येतात. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्करांना तर कधीकधी वेदनाच जाणवत नाही. पित्ताच्या गोळीने बरं वाटलं म्हणजे ते पित्तच होतं, असंही सिद्ध होत नाही. अंजायना आपोआपही ओसरतो, आणि त्याच वेळी पोटात असलेल्या गोळीला श्रेय मिळतं.

रुग्णालयात पहिला ईसीजी काढला. त्यात फारसं काही नव्हतं. ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. रक्त घेतलं, ट्रोपोनिनसाठी. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींच्या आत असणारं प्रथिन आहे. पेशी मेल्या की ते रक्तात सांडतं. सांडायला वेळ लागतो, म्हणून एकदा तपासून भागत नाही, काही वेळाने पुन्हा तपासतात. दुसऱ्यांदा रक्त घेऊन निकाल येईपर्यंत मी छताकडे बघत होते. जिभेखालच्या गोळीने डोकं भयंकर ठणकत होतं. तिच्यातलं नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यात डोक्याच्याही आल्या. विल्यम मरेल या डॉक्टरने 1879 साली ते अंजायनासाठी वापरून लोकांपुढे मांडलं, त्याआधी स्वतः चाखून बघितलं, आणि त्याचंही डोकं दुखलं होतं. डायनामाइट याच द्रव्यातून बनलं. आल्फ्रेड नोबेलला शेवटच्या वर्षी, 1896 मध्ये, डॉक्टरांनी छातीसाठी हेच औषध लिहून दिलं, आणि नियतीच्या या थट्टेबद्दल त्याने पत्रात लिहिलंही.

दुसरा ट्रोपोनिनही कोरा आला. मुलगी तोवर येऊन पोचली होती. तिने रिपोर्ट वाचला आणि माझा हात दाबला. "आई, अटॅक नाहीये!" नवरा खुर्चीत बसला, पहिल्यांदाच. मी घरी जायच्या गोष्टी सुरू केल्या.

ड्यूटीवरची डॉक्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती. ती हसली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला जिन्याचं पुन्हा सांगा. महिन्यापूर्वी कितव्या मजल्यावर व्हायचं?"

मी सांगितलं. तिसऱ्या.

"मग?"

दुसऱ्या, पहिल्या, अंथरूण, झोपेत. ती एकेक लिहीत गेली. कागदावर माझा जिना उलटा उतरला. मी तो कागद पाहिला आणि प्रूफ वाचताना चूक सापडल्यावर कान गरम होतात तसे माझे झाले.

"तुमचा ईसीजी फारसा बोलत नाही, रक्तही काही सांगत नाही," ती म्हणाली, "पण हे सांगतंय. घरी नाही पाठवणार."

अनस्टेबल अंजायनाचं निदान असं असतं. विश्रांतीत येणारा, बहुधा वीस मिनिटांहून जास्त टिकणारा त्रास. किंवा गेल्या दोन महिन्यांत नव्यानेच सुरू झालेला आणि थोड्या हालचालीतही धरणारा. किंवा जुनाच, पण अलीकडे लवकर येणारा, वारंवार येणारा, जास्त वेळ थांबणारा. तिन्हींत वेदना किती तीव्र यापेक्षा ती कालपरवापर्यंत कशी होती, याला महत्त्व. ईसीजीत बदल दिसतील किंवा नाही दिसणार. ट्रोपोनिन वाढलेला नसतो, वाढला तर नाव बदलतं, तो लहानसा का होईना अटॅक ठरतो. कोणतंही यंत्र 'अलीकडे' हा शब्द छापून देत नाही. तो रोग्यानेच तोंडाने सांगावा लागतो, आणि मी तो पिशवी जड आहे म्हणून खोडला होता.

मला दाखल केलं. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन, ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी बिंबाणिका-विरोधी गोळी, हृदयाची गती आवरणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासलं; पांडुरोग, ताप, बेफाम गतीने धावणारं हृदय यांमुळेही पुरवठ्याचा ताळमेळ असा बिघडू शकतो, आणि तेव्हा उपाय आधी त्या मूळ कारणावर करावा लागतो. माझं ते ठीक होतं.

ॲस्पिरिनसारखी साधी, जुनाट गोळी इथे काय करते याचा नीट हिशोब 1983 साली लागला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अनस्टेबल अंजायनाच्या 1,266 रुग्णांवर चाचणी झाली. औषध नसलेल्या, नुसत्या नावापुरत्या गोळीवर असलेल्यांपैकी 10.1 टक्के लोकांना बारा आठवड्यांत अटॅक आला किंवा मृत्यू आला. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 5 टक्क्यांना. निम्मे. माझ्या मुलीने फोनवर हे वाचून दाखवलं आणि मग म्हणाली, "आई, सगळेच्या सगळे पुरुष आहेत." होते खरे. मी गोळी गिळली. दुसरा इलाज काय! पण त्या पहिल्या आकड्यावर मन अडकून राहिलं. शंभरातले दहा, अवघ्या तीन महिन्यांत. आणि सकाळी आम्ही तिघं रिपोर्ट बघून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी. मनगटातून नळी घालतात, हृदयापर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडतात, पडद्यावर धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. करोनरी धमनीत थेट रंगद्रव्य गेलं तर माणूस दगावेल, अशीच एके काळी समजूत होती. 1958 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या एका रुग्णाच्या धमनीत नळी चुकून सरकली आणि रंग आत गेला. रुग्णाचं हृदय क्षणभर थांबलं, त्याला खोकायला लावलं, ते पुन्हा सुरू झालं. त्या चुकीतून ही तपासणी जन्मली. मला हा किस्सा आधी माहीत नव्हता हे बरंच झालं.

पडद्यावर डॉक्टरांनी दाखवलं. तिसऱ्या मजल्याची जागा, म्हणजे दीड वर्षाची माझी ओळखीची अरुंद वाट, होती तशीच होती. भानगड दुसऱ्याच फांदीत निघाली. तिथे कड फाटल्यासारखी, धुरकट. मी जिला सांभाळत, जिच्या तालावर चालत होते ती वेगळीच, आणि घात करायला निघालेली वेगळीच. तिथे स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी जाळीदार नळी, बसवला. सगळ्यांनाच बसवावा लागतो असं नाही; कुणाचं औषधांवर भागतं, कुणाला बायपास लागते, ते धोका किती आणि वाटा कुठे अडल्या आहेत यावर ठरतं.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग लागली, आणि माझी खरी पंचाईत तिथे झाली.

"अटॅक आला होता का?"

"नाही."

"अटॅक नव्हता ना, मग झालं!"

यावर काय बोलणार! माणसाला आजारपणातही काहीतरी घडलेलं हवं असतं. मी 'थोडक्यात वाचले' म्हटलं असतं तर ते नाटकी झालं असतं, कारण मला तसं काही वाटलं नव्हतं. एकजण तर म्हणाले की ताण घेऊ नका, तेवढ्याने जाईल. ताणाचं म्हणाल तर जॉन हंटर हा अठराव्या शतकातला थोर शल्यविशारद अंजायनाने गांजलेला होता. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कुणाही हलकटाच्या हातात आहे, असं तो म्हणायचा म्हणतात. 1793 साली रुग्णालयाच्याच बैठकीत त्याला कुणीतरी विरोध केला, तो शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. शवविच्छेदनात करोनरी धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या निघाल्या. राग हे निमित्त, धमन्या मूळ. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं नाही. ते मलाच चिडवत होते.

पण त्यांचाही फार दोष नाही. वैद्यकालाही या अवस्थेला धड नाव देता आलेलं नाही. कुणी 'अटॅकपूर्व अंजायना' म्हटलं, कुणी 'मधली अवस्था' म्हटलं, आणि मग 'अनस्टेबल' रुळलं. युजीन ब्राउनवाल्ड या मोठ्या हृदयतज्ज्ञांनी 1989 मध्ये तिची वर्गवारी लावून दिली आणि त्यांनीच 2013 मध्ये सहकाऱ्यासोबत लिहिलं की आता या निदानाला निरोप द्यायची वेळ आली का? कारण ट्रोपोनिनची चाचणी इतकी सूक्ष्म झाली आहे की पूर्वी ज्यांचं रक्त कोरं यायचं त्यांतल्या पुष्कळांत आज थोडी तरी गळती दिसते, आणि ते 'लहान अटॅक'च्या खात्यात जातात. मधली जागा आकसत चालली आहे. तरी संपलेली नाही. मी तिथे होते.

जिभेखालच्या गोळीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती बसून घ्यावी, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते. बाटली काचेची, घट्ट बंद, मुदत बघून. आणि लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल किंवा त्या जातीचं औषध घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये, दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा पडू शकतो. गंमत म्हणजे सिल्डेनाफिलचा शोधही मुळात अंजायनावरचं औषध म्हणूनच चालला होता. एका गोळीने पाच मिनिटांत उतार पडला नाही, किंवा त्रास वाढत गेला, तर तिथून पुढे घड्याळ बघत बसायचं नाही. गाऊनही बदलायचा नाही.

गेल्या महिन्यात दाढेसाठी दाताच्या दवाखान्यात गेले होते. या वेळी खरोखरची दाढ होती, मी आधी खात्री करून घेतली. तिथे फॉर्म दिला. 'पूर्वी हार्ट अटॅक आला आहे का? होय / नाही.' मी 'नाही'वर खूण केली. पेन उचललं, पुन्हा टेकवलं, सवयीने ओळीखाली हंसपद काढलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'अनस्टेबल अंजायना, स्टेंट, दोन्ही बिंबाणिका-विरोधी गोळ्या चालू'.

काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला. "काकू, हे मी कुठल्या रकान्यात टाकू?"

"रकाना नाहीये," मी म्हटलं. "डॉक्टरांना असाच दाखव. दाढ काढायच्या आधी."

ती आत गेली. डॉक्टर हातमोजे काढत स्वतः बाहेर आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. "स्टेंट कधी बसवला? आणि अलीकडे काही त्रास?"


मी जिन्यापासून सुरुवात केली.